संकटकाळी शिक्का कोणाच्या हाती?



नृसिंहवाडी आपल्याला काही लांब नाही. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढू लागले म्हणजे वाडीच्या दत्तमंदिरात काय होते, हे आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वाराचे स्नान सुरू होते. पाणी त्याहून वर आले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूस नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तेथे चालू राहते. त्या वेळी कोणी सभा भरवीत नाही, कोणी वरून हुकूम येण्याची वाट पाहत नाही. पाणी कोठवर आले म्हणजे काय हलवायचे, कोठे न्यायचे आणि कोणी न्यायचे, हे पिढ्यानुपिढ्या ठरून गेलेले आहे.

देवाच्या बाबतीत आपण हा शहाणपणा दाखवला. राज्यकारभाराच्या बाबतीत तो दाखवला आहे काय, असा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. पूर, भूकंप, साथ किंवा आग आली असता ज्याच्या हाती शिक्का आहे तो अधिकारीच जागेवर नसेल, पाण्यापलीकडे अडकला असेल, आजारी पडला असेल किंवा मरण पावला असेल, तर त्याचा अधिकार कोणाकडे जातो? हा प्रश्न वरवर कचेरीतला वाटतो. परंतु आम्ही आयुष्यभर कामगारांच्या चळवळीत राहिलेली माणसे आहोत, आणि आमचा अनुभव असा की संकटात माणसे केवळ पाण्याने वा आगीने मरत नाहीत. हुकूम कोणी द्यायचा हे न ठरल्यामुळेही मरतात. म्हणून ह्या प्रश्नाचा इतिहास थोडा चाळून पाहू.

आपल्या मुलखातला ह्याचा सर्वांत मोठा दाखला सन १६८९ चा आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वरी छत्रपती संभाजीमहाराज मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला. राज्यावर ह्याहून मोठी आपत्ती कोणती येणार? राजा शत्रूच्या कैदेत, औरंगजेब स्वतः फौजेसह दक्षिणेत ठाण मांडून बसलेला, आणि राजधानी रायगडाकडे मोगलांचा मोर्चा वळलेला. संभाजीराजांचे पुत्र शाहू सात वर्षांच्या आतबाहेरचे. रीतीप्रमाणे हक्क त्यांचा. परंतु त्या घडीला गरज होती ती घोड्यावर बसून मुलूखभर फिरू शकणाऱ्या माणसाची. तेव्हा येसूबाईंनी आपल्या पोटच्या मुलाचा हक्क बाजूस ठेवला आणि धाकटे दीर राजाराम ह्यांना गादीवर बसविण्यास संमती दिली. राजे कैद झाल्यापासून महिना उलटण्याच्या आत हे घडले. गादी रिकामी ठेवली नाही.

दुसरी गोष्ट ह्याहूनही विचार करण्यासारखी आहे. सगळे राजकुटुंब एकाच किल्ल्यात राहिले तर तो किल्ला पडताच सर्वच संपेल, हे ओळखून राजाराममहाराजांनी रायगड सोडावा आणि येसूबाईंनी शाहूंसह गड लढवीत राहावे, असे ठरले. राजाराममहाराज प्रतापगडावरून पन्हाळ्यास आले आणि तेथून वेष पालटून दक्षिणेत जिंजीकडे गेले. वाटेत बेदनूरच्या राणी चेन्नम्मेने त्यांना साहाय्य केले. इकडे नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. येसूबाई व शाहू कैद झाले. शाहूंची सुटका १७०७ साली आणि येसूबाईंची तर १७१९ साली झाली. तीस वर्षांची कैद त्या माउलीने पत्करली; पण राज्य कैद झाले नाही, कारण राजा दुसरीकडे होता. आज अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचे मोठे वार्षिक भाषण असते तेव्हा मंत्रिमंडळातील एका माणसाला मुद्दाम त्या सभागृहापासून दूर ठेवतात. सभागृहावर काही आपत्ती आलीच तर कारभार हाती घेण्यास कोणी तरी शिल्लक असावे हा त्यातला हेतू. हे वर्तमानपत्रांत वाचून आपल्याला नवल वाटते. आपल्याकडे ते तीनशे वर्षांपूर्वी रायगडावर झाले होते.

आता तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या जिल्ह्याशी थेट जोडलेली आहे. राजा जिंजीला गेला, म्हणजे शेकडो कोस दूर गेला. मग इकडच्या मुलखात हुकूम कोणाचा? सरदाराला सरंजाम कोणी द्यायचा, फितूर झालेल्याला परत कोणी घ्यायचे, किल्ल्यावर दाणागोटा कोणी भरायचा? प्रत्येक गोष्टीसाठी जिंजीला जासूद धाडून उत्तराची वाट पाहायची म्हटली तर तोवर किल्ला शत्रूच्या हाती जाणार. म्हणून राजाराममहाराजांनी रामचंद्रपंत अमात्य ह्यांना ‘हुकूमतपनाह’ असा किताब देऊन इकडचा सर्व कारभार त्यांच्या हवाली केला. हे तेच रामचंद्रपंत, ज्यांच्या घराण्याला पुढे बावडेकर म्हणून आपण ओळखतो. किताबाचा अर्थच मुळी सत्तेचा आधार असा आहे. विशाळगड-पन्हाळ्याच्या आसऱ्याने पंतांनी कारभार चालविला. शंकराजी नारायण सचिव त्यांच्या जोडीला होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव हे सेनानी कधी इकडे, कधी कर्नाटकात झुंजत होते. त्या संताजींची समाधी आपण कुरुंदवाडच्या घाटावर दाखवतो. समाधीपुढे हात जोडताना त्यांच्या तलवारीची आठवण आपल्याला होते, ती व्हावीच. पण त्या तलवारीमागे रसद, पैसा आणि हुकूम वेळेवर उभा करणारी एक कचेरी होती आणि तिच्या प्रमुखाजवळ राजाने आधीच दिलेला अधिकार होता, हेही आठवावे.

ही व्यवस्था निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. जिंजीहूनही सनदा सुटत होत्या आणि इकडूनही पत्रे दिली जात होती. त्यामुळे एकाच वतनावर दोन-दोन हक्कदार उभे राहिले आणि त्यांचे तंटे पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. अधिकार दिला, परंतु कोणता दिला आणि कोणता राखून ठेवला ह्याची रेघ नीट ओढली गेली नाही, म्हणजे काय होते त्याचा हा धडा आहे. तरी एकूण हिशेब केला तर काय दिसते? १६९८ साली जिंजी पडली तेव्हा राजाराममहाराज निसटून परत आले, ते आपल्याच मुलखात आले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराणी ताराबाईंनी आपल्या चार वर्षांच्या पुत्राच्या नावाने सूत्रे हाती घेतली आणि १७०७ साली औरंगजेब मरेपर्यंत लढा चालविला. अकरा वर्षांत राज्याचा धनी दोनदा पालटला. दरवेळी शत्रूला वाटले की आता संपले, आणि दरवेळी खुर्चीत कोणीतरी बसलेले आढळले.

येथे एक शंका निघेल. शिवाजीमहाराजांनी किल्ल्यावर अधिकार एकाच्या हाती दिला नव्हता. हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी कामाची वाटणी होती. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठाराची नोंद तिसऱ्याकडे. कोणा एकाच्या फितुरीने गड जाऊ नये हा त्यातला मतलब. मग आम्ही संकटात एकाच्या हाती अधिकार असावा असे म्हणतो, ते महाराजांच्या धोरणाविरुद्ध नाही काय? आम्हाला तसे वाटत नाही. वाटणी होती ती कामांची. वेढा पडल्यावर लढाईचा हुकूम कोणी द्यायचा ह्याविषयी किल्ल्यावर घोळ नव्हता. नेहमीच्या दिवसांत अधिकार विभागलेला असावा, म्हणजे लबाडीला वाव राहत नाही. संकटाच्या दिवसांत शेवटचा शब्द एकाचा असावा, म्हणजे वेळ जात नाही. आणि तो एक पडला तर दुसरा कोण, हे आधीच माहीत असावे. तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

इंग्रजी अमलात ही गोष्ट कायद्याच्या कलमांत आली. १८७९ सालच्या मुंबईच्या जमीन महसूल कायद्यात असे लिहिले होते की कलेक्टर काम करण्यास असमर्थ झाला, जिल्हा सोडून गेला किंवा मेला, तर जिल्ह्यात हजर असलेल्या त्याच्या मदतनीसांपैकी सर्वांत वरच्या दर्जाचा जो असेल त्याने तात्पुरता त्याचा अधिकार घ्यावा. स्वराज्य आल्यावर १९६६ साली महाराष्ट्राने आपली जमीन महसूल संहिता केली. तिच्या दहाव्या कलमात हीच तरतूद आहे आणि ती तहसीलदारापर्यंत खाली आणलेली आहे. कलेक्टर नसेल तर अपर कलेक्टर. तो नसेल तर जिल्ह्यात हजर असलेला सर्वांत वरिष्ठ उपजिल्हाधिकारी. तहसीलदार नसेल तर अपर तहसीलदार. तो नसेल तर नायब तहसीलदार किंवा तालुक्यात हजर असलेला सर्वांत ज्येष्ठ महसूल अधिकारी. सरकारने दुसरी काही व्यवस्था केली नसेल, तर हे आपोआप घडते; वेगळा हुकूम यावा लागत नाही.

ह्या कलमातला ‘हजर असलेला’ हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. कायदा करणाऱ्याने नुसता दर्जा पाहिला नाही, तर माणूस जागेवर आहे की नाही हे पाहिले. रामचंद्रपंतांना हुकूमतपनाह करण्याचे कारणही हेच होते. जिंजीच्या दरबारात मोठमोठे मानकरी होते, परंतु सह्याद्रीत हजर होते ते पंत.

आता अधिकार दिला पण त्याला वेसण घातली नाही, तर काय होते ते पाहू. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग शिरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सरकारने १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. हा कायदा अगदी आखूड, चार कलमांचा. पण त्याने सरकारला वाटेल तो उपाय करण्याची आणि वाटेल त्या माणसाला तो अधिकार देण्याची मुभा दिली, वर त्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असेही लिहून ठेवले. पुण्यात हा अधिकार प्लेग कमिटीचे प्रमुख रँड ह्यांच्या हाती आला. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले, देवघरे आणि माजघरे धुंडाळू लागले. रोग हटविणे आवश्यक होते ह्यात वाद नाही. परंतु ज्यांची घरे धुंडाळली जात होती त्यांचा एकही माणूस त्या हुकमात भागीदार नव्हता, आणि दाद मागायची तर जागा नव्हती. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, ती कशामुळे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. संकटकाळचा अधिकारी आधी ठरलेला हवा, तसा तो लोकांना बांधलेलाही हवा, हे पुण्याने रक्त सांडून शिकविले.

ह्याच्या अगदी उलट प्रकार, म्हणजे अधिकारी भरपूर आणि अधिकार कोणाचाच नाही, हा मुंबईच्या गोदीत झाला. १४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, आणि त्याच जहाजात कराचीस चढविलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी कापसातून धूर निघताना दिसला. बंब आले. जहाजाचा कप्तान होता, बंबाचे अधिकारी होते, दारूगोळा खात्याचा अधिकारी होता, गोदीचे व्यवस्थापक होते. कोणी म्हणे जहाज जागच्या जागी बुडवा, कोणी म्हणे ओढून बाहेर समुद्रात न्या, कोणी म्हणे पाणी मारीत राहा. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या परीने खरे होते. परंतु ह्या सर्वांवर ज्याचा हुकूम चालेल असा एकही माणूस त्या धक्क्यावर नव्हता. दोन-अडीच तास असे गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारो जखमी झाली, आसपासच्या वस्त्या जळाल्या. अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान जागीच कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

त्या दिवशी गोदीत माल उचलणारे कामगार तर कितीतरी होते. सर्वांनी ताबडतोब गोदी खाली करावी एवढा हुकूम वेळेवर निघता तर त्यांतले पुष्कळ जण संध्याकाळी घरी गेले असते. पुढे चौकशी झाली, तीतही सर्वांना हुकूम देऊ शकेल असा एक अधिकारी तेथे नव्हता, हीच गोष्ट पुढे आली. स्फोट दारूगोळ्याने झाला हे खरे. पण ते दोन-अडीच तास दारूगोळ्याने घालविले नाहीत.

येथवर सरकारचे झाले. आता आमच्या चळवळीचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण दुसऱ्याला नावे ठेवताना आपले घर झाकून चालत नाही. गिरणी कामगार युनियनने १९२८ साली मुंबईत सहा महिन्यांचा प्रचंड संप लढविला. तिचा दबदबा इतका वाढला की सरकार अस्वस्थ झाले. २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या खटल्यात डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, घाटे अशी पुढारी मंडळी एका दिवसात उचलली गेली. महिन्याभरात पुन्हा संप झाला. मागे राहिलेल्यांनी नेटाने तो चालविला, परंतु सप्टेंबरपर्यंत तो मोडला. त्याची कारणे पुष्कळ आहेत. तरी बिनीची माणसे एकदम नाहीशी झाली तर त्यांच्या जागी कोणी उभे राहायचे, ह्याची तयारी हवी तितकी झालेली नव्हती, हे एक कारण आम्ही आमच्या पुढच्या पोरांना नेहमी सांगत आलो आहोत.

लगेच पुढच्या वर्षी, १९३० साली, काँग्रेसने ही तयारी कशी केली ते पाहा. धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रह करायचा होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. त्यांच्या जागी कोण, हे ठरलेलेच होते. वयोवृद्ध अब्बास तय्यबजी पुढे झाले. आठवड्याभरात त्यांनाही अटक झाली. त्यांच्यामागून सरोजिनी नायडू उभ्या राहिल्या आणि २१ मे रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली धारासण्याचा सत्याग्रह झाला. गावोगाव हीच रीत होती. एक सर्वाधिकारी तुरुंगात गेला की दुसऱ्याचे नाव तयार असे. ज्या लोकांजवळ ना कचेरी होती, ना शिक्का, ना पगार, त्यांनी एवढे केले, ते केवळ कागदाच्या एका यादीच्या जोरावर.

ही यादी किती लांब असावी? देशालाही हा प्रश्न पडलेला आहे. आपल्या राज्यघटनेने राष्ट्रपतींच्या अभावी उपराष्ट्रपतींना नेमून दिले, पण तेथे यादी थांबली. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन ह्यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकटगिरी काम पाहू लागले. उपराष्ट्रपतीही नसतील तर काय, ह्याचे उत्तर कोठेच लिहिलेले नव्हते. म्हणून त्याच मे महिन्यात संसदेने कायदा करून तिसरे नाव घातले : सरन्यायाधीश. जुलैमध्ये गिरी ह्यांनी निवडणुकीसाठी राजीनामा दिला आणि २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत सरन्यायाधीश हिदायतुल्ला हे राष्ट्रपतींच्या जागी होते. कायदा दोन महिने उशिरा झाला असता तर देशाची सर्वोच्च खुर्ची रिकामी पडली असती. महाराष्ट्रातही २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री कन्नमवार पदावर असताना वारले, तेव्हा बाळासाहेब सावंतांनी हंगामी मुख्यमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली आणि डिसेंबरच्या आरंभी वसंतराव नाईक आले. वरच्या खुर्च्यांची काळजी अशी घेतली जाते. ती घेतलीच पाहिजे. आमचे दुखणे वेगळे आहे, आणि ते आता सांगतो.

आपला तालुका कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा ह्या चार नद्यांचा. २००५ चा पूर आपण पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ चाही पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची रेघ आहे त्रेचाळीस फुटांवर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हमरस्ता कित्येक दिवस बंद होता. म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण आपल्यापासून तुटले, तालुक्याचे ठिकाण गावांपासून तुटले आणि एक गाव दुसऱ्यापासून तुटले. फौजेचे, आरमाराचे आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले व त्यांनी जिवावर उदार होऊन माणसे काढली. त्यांचे उपकार आपण विसरणार नाही. परंतु ते येईपर्यंतचे जे तास असतात, ते गावाचे स्वतःचे असतात. त्या तासांत गावात हुकूम कोणाचा?

त्या पुरात आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगण्याची गरज नाही. ती कोणत्याही गावी घडू शकली असती. सखल भागातली पाऊणशे माणसे, त्यांत बाळंतीण आणि म्हातारीकोतारी, उंचावरच्या शाळेसमोर पावसात उभी होती. शाळेला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते गुरुजी नदीपलीकडच्या गावी राहणारे. तलाठ्याकडे आणखी दोन गावांचा कार्यभार, आणि तो तिकडेच अडकलेला. ग्रामसेवकाचेही तेच. फोन बंद पडलेले. कुलूप तोडावे असे सर्वांनाच वाटत होते, पण सरकारी कुलूप तोडायचे कोणाच्या हुकमाने, ह्यावर अर्धा तास बोलणे चालले. आम्हीही त्या बोलण्यात होतो हे कबूल केले पाहिजे. शेवटी गावचा कोतवाल पुढे झाला. “कुलूप मी फोडतो, लिवून घ्या माझ्या नावावर,” असे म्हणून त्याने पहार घातली. माणसे आत गेली. पाणी उतरल्यावर त्या कोतवालाला कुलपाबद्दल आणि आतल्या सामानाबद्दल लेखी खुलासा विचारण्यात आला. पुढे ते प्रकरण मिटले. पण बिचारा महिनाभर झोपेविना राहिला, आणि पुढल्या वेळी पहार उचलताना तो दोनदा विचार करील, हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात आले नाही.

कायदा त्याच्या विरुद्ध होता असे नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ च्या डिसेंबरात झाला. त्याने जिल्ह्याचे प्राधिकरण नेमले. कलेक्टर त्याचे अध्यक्ष आणि लोकांनी निवडलेल्या स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी सहअध्यक्ष. आणीबाणीत अध्यक्ष एकट्याने निर्णय घेऊ शकतात, पण मागाहून प्राधिकरणाची मान्यता त्यांना घ्यावी लागते. वाहने, इमारती, सामान ताब्यात घेण्याची सोय आहे. परवानगीवाचून कर्तव्य सोडणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे, आणि सद्‌हेतूने केलेल्या कामाला संरक्षणही आहे. पुण्याच्या प्लेगने शिकविलेला धडा आणि गोदीच्या आगीने शिकविलेला धडा, दोन्ही ह्या कायद्यात उतरलेले दिसतात. मग उणीव कोठे राहिली? कायदा जिल्ह्याच्या कचेरीत उत्तम रीतीने वाचला जातो. पहार हाती घेतलेल्या कोतवालापर्यंत तो पोचत नाही. महसूल संहितेचे दहावे कलम कलेक्टर आणि तहसीलदार ह्या दोन खुर्च्यांची नावे घेते. त्याखाली तलाठी, ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, धान्य दुकानाचा चालक ह्यांपैकी जो नसेल त्याच्या जागी गावात हजर असलेला कोण, हे गावाला माहीत नसते. पूर मात्र आधी ह्यांच्याच दाराशी येतो.

८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. त्या दुःखाची आठवण काढताना जीभ जड होते. त्या दिवसाचा न्यायनिवाडा करण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु काठावर नाव लागलेली असताना “आता पुरे, आणखी कोणी चढू नये” असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि तो माणूस नसेल तर कोणाला, हा प्रश्न आपल्या प्रत्येक नदीकाठच्या गावाने स्वतःला विचारायला हवा. भेदरलेल्या गर्दीला थांबविणे हे कोणत्याही नावाड्याला एकट्याने जमणारे काम नाही. त्याच्या पाठीशी गावाने आधी दिलेला शब्द असला तरच त्याचे ऐकले जाते.

तेव्हा करायचे काय? फार मोठे काही नाही. मृगाला अजून काही आठवडे अवकाश आहे. प्रत्येक गावाने ग्रामसभा भरवून एक यादी करावी. शाळेची किल्ली, धान्याचे कोठार, नाव, दवाखान्याचा औषधांचा कपाट, भोंगा, जनरेटर : प्रत्येक कामापुढे तीन नावे असावीत. पहिला नसेल तर दुसरा, दुसरा नसेल तर तिसरा. पण तिघेही एकाच गल्लीतले वा नदीच्या एकाच अंगाचे नसावेत. रायगडाचा धडा तोच आहे. नावांत बायका असाव्यात, कारण दिवसा गावात हजर त्याच असतात. प्रत्येकाने काय करावे आणि काय करू नये ते दोन ओळींत लिहिलेले असावे, म्हणजे जिंजी आणि विशाळगड ह्यांच्या सनदांसारखा घोळ होणार नाही. पाणी उतरले की आठवड्याच्या आत त्यांनी ग्रामसभेपुढे हिशेब द्यावा आणि अधिकार परत करावा. ह्या यादीवर तहसीलदारांची सही घ्यावी, म्हणजे उद्या कुलूप तोडणाऱ्याला खुलासा विचारला गेला तर तो सही दाखवू शकेल. आणि ती यादी कपाटात ठेवू नये. चावडीवर, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या ओवरीत चिकटवावी.

कोणी म्हणेल, ही कामे सरकारची. आम्ही का करावी? आमच्या युनियनमध्येही नवीन पोरे असेच विचारीत. त्यांना आम्ही सांगत असू, की पुढाऱ्याला अटक झाल्यावर यादी करायला बसलात तर ती यादी दरवाजावरच्या शिपायाला वाचायला मिळेल. ती आधी करायची असते, आणि ज्यांचा जीव धोक्यात आहे त्यांनीच करायची असते. सरकारने तीवर सही करावी, एवढेच आपले मागणे आहे.

वाडीचे पुजारी पाण्याकडे पाहत उभे राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ नसतो. त्यांना पुढची पायरी ठाऊक असते. तेवढी निश्चिंती पाऊणशे माणसांसह शाळेसमोर उभ्या असलेल्या कोतवालाच्या वाट्याला यावी, अशी आमची इच्छा आहे. घरी जाताना आपल्या गल्लीतल्या तीन नावांचा विचार करावा, एवढी आमची विनंती आहे.